उचल घेतली म्हणजे माणूस गहाण पडत नाही

रायगडच्या किनारी तालुक्यांतल्या अनेक कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. असं स्थलांतर गुन्हा नव्हे. उचलीपायी माणसाला अडकवून ठेवणं मात्र गुन्हा आहे.

असं अडकवणं म्हणजेच वेठबिगारी, आणि ती ओळखायला साखळदंड दिसावा लागत नाही. आठवड्याला फक्त खर्ची मिळते, हिशेब मालकाच्याच वहीत राहतो आणि हंगाम संपला तरी ‘बाकी’ उरते. दुसरीकडे कामाला जाता येत नाही, मर्तिकालाही गावी सोडत नाहीत, मुलंही राबतात. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितलं.

1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं उचलीचं कर्ज रद्द ठरतं. ते वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

असं काही दिसलं तर मालकाशी वाद घालू नका. त्याचा त्रास मजुरालाच होतो. मजुराशी एकांतात बोला, त्याची इच्छा विचारा. ठिकाण आणि कुटुंबांची संख्या टिपून तहसीलदार, प्रांत किंवा अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवा. तातडीला 112, मुलांसाठी 1098, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100.

सुटकेनंतर मुक्तीचा दाखला आणि केंद्राच्या योजनेतली 30,000 रुपयांपर्यंतची तातडीची मदत मिळते का, याचा पाठपुरावा करा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तेच कुटुंब पुन्हा उचल घेईल.