जेलीफिशच्या मागे येणारा मासा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात उन्हाळा लागला की चेसापीक उपसागराच्या मुखाशी अटलांटिक स्पेडफिशचे थवे येतात. जवळजवळ गोल, चपटा, रुपेरी मासा. अंगावर चार ते सहा काळे उभे पट्टे. वयाबरोबर हे पट्टे फिके होतात, म्हणून मोठा मासा ओळखताना पाठीचा पर पाहावा. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या एंजलफिशचा पर सलग असतो, स्पेडफिशचा पुढचा काटेरी भाग मागच्या मऊ भागापासून वेगळा दिसतो.

पिल्लांची तऱ्हा मला सर्वांत विलक्षण वाटते. काळपट रंगाची ही पिल्ले उथळ पाण्यात कुशीवर कलंडून वाळक्या पानासारखी तरंगतात आणि शत्रूची नजर फसते.

मोठे मासे बुडालेली जहाजे, पुलांचे खांब, तेलविहिरींचे मनोरे यांच्या आसपास राहतात. जेलीफिश त्यांचे आवडते खाद्य. जाणते मासेमार वजन बांधलेल्या दोरीला जेलीफिश ओवून ती खोल सोडतात आणि सावकाश वर ओढतात. थवा मागोमाग वर येतो. मग जेलीफिशचा किंवा शिंपल्याच्या मांसाचा तुकडा लावलेला गळ त्यात सोडायचा. तोंड लहान, म्हणून गळही लहानच हवा. ताकदीला मात्र हा मासा कमी नाही. १९८६ साली चेसापीकमध्येच सहा किलोंहून जड स्पेडफिश गळाला लागला होता. गळ लागताच तो खांबांकडे धाव घेतो आणि दोरी घासून तुटते. तेव्हा सुरुवातीलाच त्याला ढील देऊ नये.