आयकर काढून विक्रीकर लावला तर?

‘आयकर रद्द करा, सरकारला काय हवे ते विक्रीकरातून घ्या’, ही मागणी व्यापारी मंडळींत नेहमी ऐकू येते. आगाऊ कराची तारीख जवळ आली की ती आम्हालाही गोड वाटते. परंतु जालन्यात कापडाच्या गादीवर बसून हिशेब केला, तर गोष्ट वेगळी निघते.

१९५७ साली राज्यांनी गिरणीचे कापड, साखर व तंबाखू यांवरील विक्रीकर सोडला. त्याऐवजी केंद्राने कारखान्यातच जादा उत्पादन शुल्क घेऊन राज्यांना वाटा दिला. त्यामुळे साध्या कापडाच्या बिलात कर लावण्याची आम्हाला सवयच नव्हती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, कापडावर ५ टक्के लागले, आणि सुरतच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. पाच टक्क्यांना ही गत!

आयकर काढायचा तर हा दर किती होईल? अमेरिकेत १९९९ पासून असे विधेयक वारंवार मांडले जाते. मंजूर झालेले नाही. त्यात दर २३ टक्के सांगतात. पण वाचकांनी नीट पाहावे: १०० डॉलरच्या मालावर ३० डॉलर कर, एकूण १३०, त्या १३० चे ३० म्हणजे २३ टक्के. आपल्या बाजाराच्या रीतीने तो ३० टक्केच झाला. गरिबाला झळ बसू नये म्हणून दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला काही रक्कम परत देण्याची तरतूद त्यात आहे. आपल्याकडे ही मागणी करणारे ती गोष्ट बोलत नाहीत.

शेतमजूर आज आयकर भरत नाही. शेतीच्या उत्पन्नावर तो नाहीच, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या नोकरदाराला वा दुकानदारालाही तो लागत नाही. म्हणजे आयकर गेला तर यांचे काही वाचत नाही, लुगडे मात्र महागते. महिना दहा हजार कमावून दहाही हजार खर्चणारा सगळ्या कमाईवर कर देईल. लाख कमावून चाळीस हजार खर्चणाऱ्याचे साठ हजार मोकळे राहतील.

आता दुकानदाराचे पाहू. हजाराच्या साडीवर ५ टक्क्यांनी ५० रुपये होतात. शेजारी बिनबिलाने विकतो, तरी गिऱ्हाईक ५० रुपयांसाठी आम्हाला सोडत नाही. ३०० रुपयांसाठी सोडेल, आणि त्याला दोष कसा द्यावा? जीएसटीत सूत, कापड, ठोक असा टप्प्याटप्प्याने कर भरला जातो व मागचा वजा मिळतो. फक्त किरकोळ विक्रीवर कर घेतला तर सगळे ओझे शेवटच्या दुकानावर येते.

अर्थक्रांतीचे अनिल बोकील यांनी आयात शुल्क सोडून सर्व कर काढून बँकेतल्या जमेवर कर सुचवला. पण कापड पाच हातांतून येते. मागचा वजा झाला नाही तर तो पाच वेळा लागेल.

राहिली उधारी. आमच्याकडे लग्नाचा बस्ता उधार जातो. बिल फाडले की मासिक रिटर्नवाल्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावा लागतो. आज दहा हजारांवर ५०० रुपये पदरचे घालतो, तेव्हा ३,००० घालावे लागतील. पैसे येतात कापूस विकल्यावर. एखाद्या वर्षी येतच नाहीत, आणि भरलेला कर बुडीत उधारीसाठी परत मिळत नाही.