दोष टेलिफोन लाइनीत नव्हता

१९९४ साली २८.८ किलोबिट वेगाचे व्ही.३४ मोडेम आले आणि जुन्या पीसीवर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी चालवणाऱ्यांना एक विचित्र दुखणे जडले. फोन लागे, ईमेल उतरे. पण मोठी फाइल घ्यायला गेले की चुकांचा पाऊस पडे. खापर फुटे ते लाइनीतल्या खरखरीवर.

ते बऱ्याचदा चुकीचे होते. या मोडेममध्ये व्ही.४२ ही चूकदुरुस्तीची पद्धत असते; वाटेत बिघडलेला तुकडा मोडेम आपसांतच पुन्हा मागवून घेतात. ती चालू असूनही बाइट हरवत असतील, तर ते मोडेम आणि संगणक यांच्यामधल्या हातभर अंतरात हरवतात.

हिशेब सोपा आहे. व्ही.४२बिस पद्धत मजकूर चौपटीपर्यंत दाबू शकते, म्हणून संगणकाचे पोर्ट १,१५,२०० बिट वेगावर ठेवतात. एका बाइटला दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, दर ८७ मायक्रोसेकंदांना एक! हे पोर्ट सांभाळणाऱ्या जुन्या ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये आलेला एकच बाइट थांबू शकतो. प्रोसेसर तेवढ्यात हार्डडिस्कच्या कामात गुंतला आणि इतर इंटरप्ट अडले, तर पुढचा बाइट येतो आणि आधीचा कायमचा जातो. १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटची रांग असते. ती चिप असलेले कार्ड बसवणे हाच त्या काळचा खात्रीचा उपाय.

पण खर्च करण्याआधी निदान हवे. लिनक्सवर ‘सेटसिरियल’ ही आज्ञा पोर्टवर कोणती चिप आहे ते सांगते. ‘प्रोक’मधल्या सिरियल ड्रायव्हरच्या फाइलीत पोर्टच्या ओळीत ‘ओई’ (ओव्हररन एरर) हा आकडा वाढत असेल, तर चिपपाशी बाइट गळताहेत. ‘एफई’ (फ्रेमिंग एरर) वाढत असेल, तर आधी दोन्हीकडचे वेग जुळतात का ते पाहावे.

पाठवताना अडचण उलटी. संगणक १,१५,२०० ने ओततो, लाइन २८,८०० ने नेते. तेव्हा संगणकाला ‘थांब’ म्हणायची सोय मोडेमकडे हवी. त्यासाठी आरटीएस-सीटीएसच्या तारा केबलमध्ये असाव्या लागतात आणि ‘एसटीटीवाय’मध्ये ‘सीआरटीएससीटीएस’ चालू करावे लागते. तीन तारांच्या स्वस्त केबलीत हे जमत नाही.

लिनक्सचा सिरियल ड्रायव्हर आजही ‘८२५०’ याच नावाने ओळखला जातो. तो वापरणाऱ्या छोट्या बोर्डाला जीएसएम मोडेम जोडला आणि डेटा तुटू लागला, तर मोबाइल कंपनीला फोन करण्याआधी फाइल घेण्यापूर्वीचा आणि नंतरचा ‘ओई’ आकडा ताडून पाहावा.