निर्धोक अन्न कोणाच्या वाट्याला?

वाशीच्या घाऊक बाजारात पहाटे उतरलेली भाजी हातगाडीवर पोहोचेपर्यंत तिच्यावरील शेतकऱ्याचे नाव पुसले जाते. मग फवारणीचा इतिहास ग्राहकाला कळावा कसा? २०१७ च्या नियमांनी सेंद्रिय मालासाठी प्रमाणपत्र व ‘जैविक भारत’ चिन्ह आणले. परंतु हंगामी पिकांना साधारणतः दोन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. त्या काळातली तूट अखेर किमतीत उतरते आणि सामान्य कुटुंब त्या मालापासून दूरच राहते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली. निर्यातीच्या द्राक्षांना प्रयोगशाळेची कसोटी द्यावी लागते. तीच कसोटी वाशीच्या साध्या भाजीलाही नित्य लागली पाहिजे. निर्धोक अन्न ही चैनीची वस्तू ठरता कामा नये.