कॅन्सरचा 'शेक' घेतलाय? त्या जागेच्या कातडीवर कायम लक्ष ठेवा

घाटंजी : खर्ऱ्यामुळे होणारा गालाचा, जबड्याचा कॅन्सर आपल्या भागात आता नवा राहिला नाही. ऑपरेशन झाल्यावर बऱ्याच जणांना नागपूर, सेवाग्रामला जाऊन रेडिएशन घ्यावे लागते. गावात यालाच 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. शेक संपला की फाईल पेटीत जाते आणि माणूस वावरात कामाला लागतो. पण जिथे शेक घेतला, त्या जागेच्या कातडीला पुढे अनेक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

असे का होते? रेडिएशनची किरणे कॅन्सरच्या पेशी मारतात. मात्र जाताना चांगल्या कातडीच्या पेशींनाही थोडा मार बसतो. त्यातली एखादी बिघडलेली पेशी शिल्लक राहिली तर दहा, वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा ती वाढू लागते.

ही गोष्ट जुनीच आहे. एक्स-रेचा शोध १८९५ मध्ये लागला आणि १९०२ मध्येच एक्स-रेचे काम करणाऱ्या माणसाच्या हाताला कातडीचा कॅन्सर झाल्याची नोंद जर्मनीत झाली. पूर्वी इस्रायलमध्ये डोक्यातल्या नायट्यासाठी हजारो लेकरांना एक्स-रेचा शेक दिला होता. मोठेपणी त्यांच्यात डोक्याच्या कातडीचा कॅन्सर जास्त दिसला. लहानपणी कॅन्सरसाठी शेक घेतलेल्यांमध्ये हा धोका सुमारे सहापट असल्याचे अमेरिकेतल्या २००५ च्या अभ्यासात आढळले. म्हणून लहान वयात शेक झालेल्यांनी जास्त जपावे.

याचा अर्थ शेक घेऊ नये असा अजिबात नाही. अंगात असलेला कॅन्सर आज जीव घेऊ शकतो. हा पुढचा धोका त्यामानाने फार लहान आहे. आपल्या सावळ्या कातडीत तो गोऱ्या लोकांपेक्षा कमीच असतो. आताच्या मशीनची किरणेही आत खोलवर जातात, कातडीला मार कमी बसतो. शेक चालू असताना कातडी काळी पडते, सोलते, तो कॅन्सर नव्हे. त्या भीतीने शेक अर्धवट सोडू नका. साधा एक्स-रे काढला म्हणूनही घाबरू नका, त्यात किरणे अगदी थोडी असतात.

लक्ष कशावर ठेवायचे? शेकाच्या जागी महिनाभरात न भरणारी जखम, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणे, चमकदार किंवा काळपट गाठ, वाढत जाणारा खरबरीत चट्टा. यातले काही दिसले तर नायटा, चामखीळ समजून मलम, चुना, झाडपाला लावत बसू नका. पाठीवर किंवा मानेमागे असेल तर घरच्यांना पाहायला सांगा.

आधी घाटंजीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. 'इथे मी शेक घेतला आहे' हे स्वतःहून सांगा. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. लवकर सापडला तर बहुतेक वेळा तेवढा भाग काढून माणूस बरा होतो.

ऊन हा धोका आणखी वाढवते. कापूस वेचताना, निंदताना ती जागा दुपट्ट्याने किंवा पूर्ण बाहीच्या सदऱ्याने झाका. आणि आजच एक काम करा : पेटीतली फाईल काढून शेकाच्या कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वीस वर्षांनी कागद सापडेल याचा नेम नाही.