गाडी एका बाजूला बसली तर

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या काही जणींची मुलं शहरात मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर आहेत. स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी एका बाजूला बसली, की ठपका त्यांच्यावरच. हवा गळत नसेल, तर गॅरेजवाला म्हणतो, उंचीचा सेन्सर बदला. आम्ही म्हणतो, आधी तारा तपासून घ्या.

चाकाजवळचा हा सेन्सर गाडीची उंची कॉम्प्युटरला कळवतो. बऱ्याच गाड्यांत त्याला तीन तारा: पाच व्होल्टची, अर्थिंगची, निरोपाची. गाडी घोडीवर घेऊन प्लग काढायचा. पिना हिरव्या पडल्यात? चिखलपाण्याचं काम! चावी चालू करून मीटर लावायचं. पाच व्होल्ट येतच नसतील, तर नवा सेन्सर घालून पैसे फुकट. दोष मागच्या वायरिंगकडे. येत असतील, तर प्लग जोडून सेन्सरची दांडी सुटी करून हळू हलवायची. निरोपाच्या तारेवरचा आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडाला, तर मात्र सेन्सरच गेला.