बाळाची लघवी थेंब-थेंब होते? दोष मूत्रमार्गात, धोका किडनीला!

देवळाली कॅम्प : मुलाला लघवी करताना जोर लावावा लागत असेल, धार बारीक असेल किंवा लघवी सतत थेंब-थेंब गळत असेल, तर ‘मोठा झाला की होईल ठीक’ म्हणून थांबू नका. मूत्राशय किंवा मूत्रमार्गातील जन्मजात दोषाची ही खूण असू शकते. वेळ गेली तर किडनी कायमची खराब होते.

नेमके काय होते?

मुलांच्या मूत्रमार्गात, मूत्राशयाच्या खालच्या बाजूला, पातळ पडद्याची झडप तयार होते. साधारण ५ ते ८ हजार मुलग्यांमागे एकात हा दोष आढळतो. लघवी अडते, मूत्राशयाची भिंत जाड होते आणि दाब उलटा किडनीवर येतो. गरोदरपणी १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत किडनीला सूज दिसली, तर प्रसूतीपूर्वीच बालशल्यचिकित्सकांचा सल्ला घ्यावा. मात्र काही मुलांत ही सूज उशिरा दिसते, त्यामुळे एका सोनोग्राफीवर विसंबू नये.

शस्त्रक्रिया कशी होते?

आधी कॅथेटर घालून लघवीला वाट दिली जाते. रक्ततपासणी आणि विशेष एक्स-रे होतो. मग मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून झडप कापतात. पोटावर चीर द्यावी लागत नाही. बाळ फारच लहान असेल, तर काही काळ मूत्राशयाचे तोंड पोटावर उघडून ठेवतात.

मूत्राशय बाहेर असेल तर?

क्वचित बाळ पोटावर उघडे मूत्राशय घेऊन जन्मते. त्यावर गॉज ठेवू नये, ती चिकटते. स्वच्छ, पातळ प्लास्टिकचे आवरण घालून बाळाला मोठ्या केंद्रात हलवावे. ही शस्त्रक्रिया अवघड असून अनेकदा टप्प्याटप्प्याने होते. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये २००९ पासून भारतीय आणि अमेरिकी शल्यचिकित्सक एकत्र येऊन अशा मुलांवर उपचार करतात.

कुठे जायचे, खर्चाचे काय?

कॅम्प परिसरातील कुटुंबांनी कँटोन्मेंट रुग्णालय किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, तर लष्करी कुटुंबांनी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये आधी दाखवावे. गरजेप्रमाणे पुढे मुंबईतील परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या केंद्रात जाता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बालशल्यक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी भेटा.

ऑपरेशन झाले की संपले?

नाही. झडप काढली तरी ताठर झालेले मूत्राशय आणि दुखावलेली किडनी लगेच पूर्ववत होत नाही. धार मोकळी झाली म्हणून पालक तपासणीला येणे थांबवतात आणि नुकसान आतल्या आत वाढत राहते. रक्तदाब, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा, मूल मोठे होईपर्यंत करत राहा. ताप आला तर लघवीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. सगळे कागद एका फाईलमध्ये ठेवा. बदली झाली किंवा गाव बदलले तरी नव्या डॉक्टरांना तीच फाईल दाखवा.